कौल, खुर्ची आणि घराचा भाव

24 जून 2016 च्या पहाटे लंडनमध्ये सार्वमताची मतमोजणी शेवटच्या टप्प्यात आली, तेव्हा मुंबईत शेअर बाजार उघडण्याची वेळ झाली होती. युरोपीय संघातून बाहेर पडावे असा ब्रिटनचा कौल स्पष्ट होताच मुंबईचा निर्देशांक दिवसभरात एक हजारांहून अधिक अंशांनी कोसळला आणि अखेरीस सुमारे 600 अंशांच्या घसरणीवर बंद झाला. परदेशात माल पाठवणाऱ्या पेढ्यांना त्या दिवशी निर्देशांकापेक्षा दुसऱ्याच आकड्याची चिंता होती. आदल्या दिवशी पौंड सुमारे 100 रुपयांना होता. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तो 90 रुपयांच्या खाली गेला आणि ऑक्टोबरअखेरीस 82 च्या आसपास येऊन ठेपला. ज्याची 50 हजार पौंडांची हुंडी जुलैत वटणार होती आणि ज्याने फॉरवर्ड कव्हर घेतलेले नव्हते, त्याच्या 50 लाखांच्या येण्यातून पाच-सहा लाख रुपये विनाकारण वजा झाले. मालात खोट नव्हती, गिऱ्हाईक बुडाले नव्हते; सात समुद्रांपलीकडील लोकांनी मतपत्रिकेवर केलेल्या फुलीने मात्र इकडच्या खतावणीतील आकडा बदलला होता.

मतदान झाले 72 टक्क्यांच्या वर. बाहेर पडण्याच्या बाजूने 1 कोटी 74 लाख, राहण्याच्या बाजूने 1 कोटी 61 लाख. टक्केवारीत सांगायचे तर 51.9 विरुद्ध 48.1. लंडन आणि स्कॉटलंड यांनी राहण्याच्या बाजूने भरघोस मते दिली. इंग्लंडचा उरलेला बराचसा भाग आणि वेल्स यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने. इतक्या अरुंद फरकाच्या कौलाने देशाचे दोन तट पडतात आणि ते तट सभागृहापुरते राहत नाहीत; ते घराघरांत, भावाभावांत, बापलेकांत उतरतात. अशा वेळी सामान्य कुटुंबाच्या मनात दोनच प्रश्न असतात. पहिला, आता कारभार कोणाच्या हाती जाणार? दुसरा, आपल्या राहत्या घराचे, म्हणजेच आयुष्यभराच्या पुंजीचे काय होणार? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे ब्रिटनच्या पुढील काही वर्षांच्या अनुभवातून नीट समजून घेता येते.

घराच्या भावाविषयीची भीती मतदानाआधीच पेरली गेली होती. मे 2016 मध्ये तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी असा इशारा दिला, की देश बाहेर पडला तर 2018 पर्यंत घरांच्या किमती 10 ते 18 टक्क्यांनी कमी होतील. लोकांनी त्याचा अर्थ असा लावला, की आज 2 लाख पौंडांचे असलेले घर दोन वर्षांनी पावणेदोन लाखांच्याही खाली येईल. वस्तुतः त्या अंदाजात एक बारीक अट होती. ही घट आजच्या किमतीच्या तुलनेत सांगितलेली नव्हती; देश संघातच राहिला असता तर किमती जेथवर चढल्या असत्या, त्या कल्पित पातळीच्या तुलनेत ती सांगितली होती. तुलना कोणत्या पायाशी केली आहे हे न पाहता टक्केवारी वाचणे म्हणजे आरंभीची शिल्लक न पाहता रोजमेळ वाचण्यासारखे आहे. बाजूने वा विरोधात बोलणाऱ्या बहुतेकांनी तो पाया पाहण्याची तसदी घेतली नाही.

निकालानंतर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी पायउतार होण्याची घोषणा केली. 13 जुलै रोजी थेरेसा मे पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी ऑस्बर्न यांना मंत्रिमंडळातून वगळले. पुढील वर्षी हे माजी अर्थमंत्री लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या सायंदैनिकाचे संपादक झाले.

मे यांनी केलेल्या नेमणुका हा दुभंगलेल्या पक्षाचा ताळेबंद जुळवण्याचा प्रयत्न होता. स्वतः त्यांनी संघात राहण्याच्या बाजूने मत मांडले होते. म्हणून बाहेर पडण्याचा आग्रह धरणाऱ्यांना त्यांनी मानाची पदे दिली. बोरिस जॉन्सन परराष्ट्रमंत्री झाले, संघाशी वाटाघाटी करण्याचे नवे खाते डेव्हिड डेव्हिस यांच्याकडे गेले आणि परराष्ट्र व्यापाराचे नवे खाते लियम फॉक्स यांना मिळाले. युगांडाहून आलेल्या गुजराती कुटुंबातील प्रीती पटेल यांना आंतरराष्ट्रीय विकास खाते देण्यात आले. उलटपक्षी अर्थ आणि गृह ही दोन कळीची खाती राहण्याच्या बाजूच्या फिलिप हॅमंड आणि अँबर रड यांच्याकडे सोपवली गेली. अशा वाटणीत अमुक माणूस अमुक कामाला लायक आहे काय, हा प्रश्न मागे पडतो आणि तो कोणत्या तटाचा आहे, हा प्रश्न पुढे येतो. कोणतीही भागीदारीतील पेढी फुटता फुटता वाचवताना हेच घडते: दोन्ही भावांना गल्ल्याजवळ बसवावे लागते आणि गोदामाकडे पाहायला कोणी उरत नाही.

ब्रिटनच्या बाबतीत हे गोदाम म्हणजे गृहनिर्माण खाते होते. जुलै 2016 मध्ये गेव्हिन बारवेल गृहनिर्माणमंत्री झाले. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने घरबांधणीवर श्वेतपत्रिका काढली आणि गृहबाजार मोडकळीस आला असल्याची कबुली तिच्या शीर्षकातच दिली. दरवर्षी सव्वादोन ते पावणेतीन लाख नवी घरे लागतील असा तिचा हिशेब होता. तथापि जून 2017 च्या निवडणुकीत बारवेल यांची स्वतःची जागा गेली आणि ते पंतप्रधानांच्या कार्यालयाचे प्रमुख झाले. त्यांच्या जागी आलेले आलोक शर्मा, ज्यांचा जन्म आग्र्याचा, सहा महिने राहिले. त्यानंतर आलेले डॉमिनिक राब यांचीही तेवढीच मुदत झाली. जुलै 2018 मध्ये डेव्हिस यांनी राजीनामा दिला तेव्हा राब यांना घरबांधणीवरून उचलून संघाबरोबरच्या वाटाघाटींवर पाठवण्यात आले. चौथे किट मॉल्टहाउस. जानेवारी 2019 मध्ये त्यांचे नाव देशभर गाजले, पण घरांमुळे नव्हे. हुजूर पक्षातील दोन गटांत आयर्लंडच्या सीमेवरून समेट घडवण्याचा जो मसुदा तयार झाला, तो त्यांच्या नावाने ओळखला गेला. पाचव्या एस्थर मॅकवे यांना फेब्रुवारी 2020 मध्ये जावे लागले. साडेतीन वर्षांत पाच मंत्री! एखाद्या गावच्या शाखेत दर नऊ महिन्यांनी व्यवस्थापक बदलू लागला तर तेथील कर्जखात्यांची जी अवस्था होईल, तीच या खात्याची झाली.

या अस्थिरतेची किंमत केवळ आकड्यांत मोजता येणार नाही. आलोक शर्मा यांची नेमणूक झाली 13 जून 2017 रोजी. त्याच रात्री, 14 जूनच्या पहिल्या प्रहरी, पश्चिम लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला आग लागली आणि बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे ती बघता बघता वरपर्यंत चढली. 72 माणसे मृत्युमुखी पडली. 2009 मध्ये लंडनमध्येच लाकानल हाउस या इमारतीतील आगीत सहा जणांचा बळी गेला होता, आणि अग्निसुरक्षेच्या नियमांचा फेरविचार करावा अशी शिफारस त्या चौकशीनंतर 2013 मध्ये झालेली होती. तो फेरविचार एका मंत्र्याकडून दुसऱ्याकडे सरकत राहिला. खुर्चीत एक दिवस बसलेल्या माणसाला दोष देऊन काय साधणार? दोष त्या प्रथेचा आहे, जी महत्त्वाच्या खुर्चीला वरच्या जिन्याची एक पायरी समजते.

आता घरांच्या भावाकडे वळू. सार्वमताच्या सुमारास ब्रिटनमधील घराची सरासरी किंमत सुमारे 2 लाख 13 हजार पौंड होती. तीन वर्षांनी, 2019 च्या जूनमध्ये, ती 2 लाख 30 हजारांच्या आसपास होती. म्हणजे भाव कोसळला तर नाहीच. संथ गतीने का होईना, तो चढला. इशारा खोटा ठरला म्हणून बाहेर पडण्याच्या बाजूचे लोक हसले. पण अंदाज चुकला म्हणजे धोका नव्हताच, असे मानणे हाही तितकाच कच्चा हिशेब आहे. अंदाजात धरलेल्या दोन गोष्टी प्रत्यक्षात घडल्या नाहीत. कौल लागताच बाहेर पडण्याची कायदेशीर प्रक्रिया सुरू होईल असे गृहीत होते. ती प्रत्यक्षात 29 मार्च 2017 रोजी, नऊ महिन्यांनी सुरू झाली. आणि बँक ऑफ इंग्लंड हातावर हात ठेवून बसली नाही.

या दुसऱ्या गोष्टीकडे व्यापारी वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. निकालाच्या सकाळीच गव्हर्नर मार्क कार्नी यांनी जाहीर केले, की गरज पडल्यास बँकांसाठी 250 अब्ज पौंडांची अधिक तरतूद सज्ज आहे. 4 ऑगस्ट 2016 रोजी नऊ सदस्यांच्या समितीने एकमताने व्याजदर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला. 2009 पासून न हललेला दर आणखी खाली आला आणि बँकेच्या इतिहासातील तो तोवरचा नीचांक ठरला. जोडीला सरकारी रोख्यांची 60 अब्ज पौंडांची खरेदी आणि बँकांना स्वस्त निधी देण्याची योजना आली. आधारदराशी जोडलेले 2 लाख पौंडांचे कर्ज ज्याच्या डोक्यावर होते, त्याचे वर्षाला सुमारे 500 पौंड वाचले. ज्याचा हप्ता कमी झाला तो घर विकायला धावत नाही, आणि विकणारे धावत नाहीत तोवर भाव कोसळत नाही. निर्णयाच्या खुर्चीत अनुभवी माणूस होता, आणि मुख्य म्हणजे तो तेथेच राहिला. बाहेर पडण्याच्या बाजूच्या काही नेत्यांना तो नकोसा होता. तरीही ऑक्टोबर 2016 मध्ये त्याने मुदत एका वर्षाने वाढवण्यास संमती दिली आणि पुढे आणखी थांबत थांबत मार्च 2020 मध्ये अँड्र्यू बेली यांच्याकडे सूत्रे दिली. त्याच काळात गृहनिर्माणाच्या खुर्चीत पाच माणसे येऊन गेली होती.

सरासरीच्या आड आणखी एक सत्य दडलेले होते. लंडनमध्ये 2018 आणि 2019 या वर्षांत किमती किंचित उतरत होत्या, तर लेस्टर ज्या प्रदेशात येते त्या पूर्व मिडलँड्समध्ये त्या चांगल्या वाढत होत्या. लंडनच्या मंदीचे सगळे खापर सार्वमतावर फोडता येत नाही. डिसेंबर 2014 पासून महागड्या घरांवरचे मुद्रांक शुल्क वाढलेले होते, एप्रिल 2016 पासून दुसऱ्या घरावर 3 टक्के जादा शुल्क लागू झाले होते आणि एप्रिल 2017 पासून भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची करसवलत टप्प्याटप्प्याने घटत होती. करांचे हे सगळे निर्णय कौलाच्या आधीचे होते. भाव कोसळण्याची खरी घटना घडली ती भलत्याच ठिकाणी: ग्रेनफेलनंतर ज्या इमारतींचे आवरण संशयास्पद ठरले, तेथील सदनिकांवर कर्ज द्यायला संस्था तयार होईनात. काही सदनिकांचे मूल्यांकन कर्जाच्या दृष्टीने चक्क शून्य पौंड असे कागदावर आले. घर उभे होते, राहणारे हप्ते भरत होते, पण ते विकता येत नव्हते. ज्या दुर्लक्षाने माणसे गेली, त्याच दुर्लक्षाने हजारो कुटुंबांची पुंजीही गोठवली.

खुर्ची आणि घरभाव यांचा सर्वांत उघड संबंध सहा वर्षांनी दिसला. 6 सप्टेंबर 2022 रोजी लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि क्वासी क्वार्टेंग अर्थमंत्री. दोन दिवसांतच अर्थखात्याचे ज्येष्ठ सचिव टॉम स्कॉलर यांना दूर करण्यात आले. 23 सप्टेंबरला पैसा कोठून येणार हे न सांगता मोठ्या करकपातीची घोषणा झाली. 26 तारखेला पौंड डॉलरच्या तुलनेत आजवरच्या नीचांकाला गेला, 28 तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखेबाजार सावरायला उतरावे लागले, कर्जसंस्थांनी आपल्या योजना मागे घेतल्या आणि दोन वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाचे सरासरी व्याज ऑक्टोबरमध्ये 6 टक्क्यांच्या वर गेले. क्वार्टेंग यांची कारकीर्द 38 दिवसांत संपली. जगभर व्याजदर तेव्हा चढतच होते, हे खरे. सगळा दोष त्या एका निवेदनाचा नव्हे. तरीही 1 कोटी 74 लाख लोकांच्या कौलाने जे हादरले नाही, ते एका सकाळच्या भाषणाने हादरले. 2023 मध्ये नेशनवाइड या संस्थेच्या मोजणीनुसार घरांचे भाव वर्षावर्षाच्या तुलनेत 5 टक्क्यांहून अधिक उतरले.

आपल्याकडील अनेक कुटुंबांची मुले लंडन, लेस्टर वा मँचेस्टरला शिकतात, नोकरी करतात. तेव्हा तेथे छोटीशी सदनिका घ्यावी का, हा विषय दिवाळीच्या बैठकीत निघतोच. पौंड 82 वर आला तेव्हा तो विशेष जोरात निघाला. समजा, सार्वमतापूर्वी एका कुटुंबाने 3 लाख पौंडांची सदनिका घेतली. रुपयांत 3 कोटी. शेजारच्या कुटुंबाने तशीच सदनिका ऑक्टोबरमध्ये घेतली. रुपयांत 2 कोटी 46 लाख. आता पहिल्या कुटुंबाला तेव्हाच ती विकावी लागली आणि भाव 5 टक्के वाढून 3 लाख 15 हजार पौंड आला, तरी रुपयांत त्याच्या हाती 2 कोटी 58 लाखच येतील. घराचा भाव वाढला आणि घरमालक सुमारे 14 टक्के खाली आला! परदेशातील घर हे नेहमी दोन वस्तूंचे मिळून असते: एक भिंती, दुसरे चलन. सौदा करताना भिंती सर्वजण ठोकून पाहतात. चलन ठोकून पाहणारा विरळा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, तेव्हा रकमेची जुळवाजुळव घरातल्या सर्वांच्या नावे करावी लागते आणि ‘घर कोणाचे’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी कागदावर सोडवावा लागतो. तो तोंडी ठेवला, की पुढच्या पिढीत सार्वमताची वेळ येते आणि तेथेही 52 विरुद्ध 48 असाच निकाल लागतो.

या साऱ्याचा मानवी बाजूने विचार करताना लेस्टरचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. सुमारे 28 हजार लोक ब्रिटनला गेले. आमच्याकडे येऊ नका, जागा नाही, अशी जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात दिली होती. लोक तरीही आले, कारखान्यांत राबले, दुकाने थाटली, बैठ्या रांगांतील जुनी घरे विकत घेतली. एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन समाजाने देरासर उभारले आणि 1988 मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बारजवळ आफ्रिकेतून आलेल्या ओसवाल समाजाचे केंद्र उभे राहिले. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर एका हुकमाने गेले होते, त्यांनी पुन्हा छप्पर उभारताना त्याचा भाव रोज विचारला नसेल. ते आपले आहे आणि उद्याही असेल, एवढीच खात्री त्यांना हवी होती.

2016 मध्ये लेस्टरने अगदी थोड्या फरकाने राहण्याच्या बाजूने कौल दिला. त्या शहरातील आशियाई घरांतही मते विभागली होती. युरोपातून येणाऱ्यांना मोकळे दार आणि आपल्या भारतातील आप्तांना व्हिसाची रांग, हा अन्याय वाटून काही वडीलधाऱ्यांनी बाहेर पडण्याचे समर्थन केले; युरोपभर शिक्षण आणि नोकरीची वाट मोकळी असावी म्हणून अनेक तरुणांनी राहण्याचे. दोघांचेही म्हणणे अनुभवातून आलेले होते. कोणीही दुसऱ्याला मूर्ख ठरवण्याचे कारण नव्हते. पण ठरवले गेले, आणि काही घरांत ती अढी बरीच वर्षे राहिली.

सरकारे बदलतात, मंत्री येतात आणि जातात, अंदाज बांधणारे चुकतात आणि संपादक होतात. घराचा भाव त्यांच्या भाषणांकडे फारसे पाहत नाही; व्याजाचा दर, मुद्रांक शुल्क, नव्या बांधकामाचा वेग आणि चलनाची किंमत यांच्याकडे पाहतो. ही चार सूत्रे ज्यांच्या हाती असतात त्यांची नेमणूक कशी होते आणि ते किती दिवस टिकतात, याकडे मात्र नागरिकाने जरूर पाहावे. घोषणेच्या दिवशी घर विकू नये, अफवेच्या दिवशी घेऊ नये. हप्ता आपल्या नेहमीच्या उत्पन्नातून फिटतो की नाही, व्याज दोन टक्क्यांनी चढले तरी फिटेल की नाही, हे एका कागदावर मांडावे. तो कागद घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा, आणि ज्याचे मत वेगळे पडेल त्याचेही पूर्ण ऐकून घ्यावे. घराचा भाव खाली गेला तर तो पुन्हा चढू शकतो. घरातील माणसांत पडलेली फट बुजवण्यासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही.